इंग्रजी व्यावसायिक पत्राचा मायना जमतो, मजकूर जमत नाही: वर्गात काय करावे?

सांजवर्ग (सांगली)

सप्रेम नमस्कार.

सांगलीत गेली आठ वर्षे मी संध्याकाळी नोकरदार मुलामुलींसाठी इंग्रजी लेखनाचा वर्ग चालवते. वर्गातली बहुतेक मुले मराठी माध्यमातून बारावी वाणिज्य झालेली आहेत. दिवसा कुणी हळदीच्या पेढीवर, कुणी बेदाण्याच्या शीतगृहाच्या कार्यालयात, तर कुणी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत काम करते. व्यावसायिक पत्र त्यांना नवे नाही. 'चिटणिसाची कार्यपद्धती' या विषयात भागधारकांना, ऋणपत्रधारकांना आणि ठेवीदारांना लिहायची पत्रे त्यांनी मराठीतून पाठ केलेली असतात. त्यामुळे पत्ता कुठे, दिनांक कुठे, विषय कुठे, 'डिअर सर'ने सुरुवात केली तर शेवटी 'युवर्स फेथफुली' आणि नाव घेऊन सुरुवात केली तर 'युवर्स सिन्सिअरली' हे सर्व ती दोन तासांत बिनचूक शिकतात.

अडचण त्यापुढे सुरू होते. गेल्या महिन्यात माझ्या एका विद्यार्थिनीने पेढीच्या वतीने परराज्यातील एका पुरवठादाराला खरेखुरे तक्रारपत्र पाठवले. पॅकिंगच्या पिशव्यांच्या ६० गठ्ठ्यांपैकी ४ गठ्ठे भिजलेले आले होते. तिने लिहिलेला मजकूर असा होता: 'विथ रेफरन्स टु द अबव्ह सब्जेक्ट, धिस इज टु इन्फॉर्म यू दॅट वुई हॅव रिसिव्ह्ड द गुड्स बट द सेम आर नॉट इन प्रॉपर कंडिशन. काइंडली डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट.' त्यावर पुरवठादाराचे एका ओळीचे उत्तर आले. कोणता माल, कोणते बिल आणि तुम्हाला नेमके काय हवे आहे, असे त्यात विचारले होते. मुलगी फार हिरमुसली. व्याकरणाची चूक मला दाखवा, असे ती म्हणाली, आणि मला दाखवण्यासारखी मोठी चूक सापडेना.

हे पत्र माझ्याच नमुन्यांवरून तयार झाले होते, हे मला मान्य करावे लागते. माझे प्रश्न असे आहेत की नमुनापत्रे देणे बंद करावे का. मांडणी, भाषा आणि आशय यांत आधी काय शिकवावे. आणि वर्गातील जी मुले पदवीच्या परीक्षेलाही बसतात व जिथे मांडणीला गुण असतात, त्यांचे नुकसान न होता हे कसे साधावे? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.


आवकजावक (सातारा)

ताई, मी शिक्षक नाही. एका सहकारी संस्थेच्या कार्यालयात ३१ वर्षे नोकरी करून निवृत्त झालो आणि त्यातील पहिली नऊ वर्षे आवक-जावक टेबलावर होतो. आलेल्या पत्राचे पुढे काय होते, हे आपल्या मुलांना कुणी सांगितलेले नसते, असे मला नेहमी वाटत आले आहे.

पत्र आले की लिफाफा फोडून त्यावर आवक शिक्का बसतो, नोंदवहीत क्रमांक पडतो आणि ते कोणत्या टेबलावर जायचे, हे ठरते. हे ठरवणारा माणूस पत्र वाचत नाही. तो विषयाची ओळ आणि संदर्भाची ओळ पाहतो, आणि अंगठ्याने पान थोडे वर सरकवून खाली सही कुणाची आहे, ते पाहतो. 'विषय: तक्रारीबाबत' असे लिहिलेले पत्र माझ्याकडे आले की ते कुठे पाठवावे, हे मला कळत नसे. मग ते साहेबांच्या टेबलावर जाई, तिथून दोन दिवसांनी शेरा होऊन परत येई आणि मग योग्य माणसाकडे जाई. तेच 'विषय: बिल क्र. अमुक, दिनांक अमुक, ६० पैकी ४ गठ्ठे भिजलेले, बदलून मिळण्याबाबत' असे असते तर त्याच दिवशी भांडार विभागात पोहोचले असते. इंग्रजीत लिहा, मराठीत लिहा, टेबल तेच असते.

मुलांना मी पिनकोडचे उदाहरण देईन. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला आणि ती पद्धत आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी तर होतेच, पण संस्कृतचे मोठे जाणकारही होते. एकाच नावाची गावे, निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते आणि अर्धवट पत्ते यांतून वाट काढण्यासाठी सहा आकडे पुरेसे ठरले. पहिल्या आकड्यावरून विभाग कळतो, पहिल्या तीन आकड्यांवरून टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा कळतो आणि शेवटच्या तिनांवरून वाटप करणारे टपाल कार्यालय कळते. पिनकोड पत्र कार्यालयाच्या दारापर्यंत आणतो, आणि दारापासून टेबलापर्यंतचे काम विषयाच्या ओळीला करावे लागते. तेव्हा त्या ओळीतही मोठ्याकडून लहानाकडे जावे: कोणता व्यवहार, त्यातील कोणती बाब, त्या बाबीचे काय व्हावे.

आपल्या विद्यार्थिनीच्या पत्रात 'अबव्ह सब्जेक्ट' असे आहे, म्हणजे पत्राचा सगळा भार वरच्या विषयावर टाकलेला आहे. तो विषय काय होता, हे आपण लिहिले नाही. मला वाटते, 'कम्प्लेंट' एवढेच असावे.


शब्दसेतू (नाशिक)

सांजवर्ग ताई, आपला अनुभव माझ्या वर्गातला वाटावा, इतका ओळखीचा आहे. मी गेली पंधरा वर्षे इंग्रजी शिकवतो आणि माझे मत असे बनले आहे की आपल्या मुलांच्या पत्रांतील दोष इंग्रजीच्या अज्ञानापेक्षा मराठी पत्राच्या उत्तम सवयीतून येतात. या सवयी वाईट नाहीत, त्या मराठीत चोख काम करतात. त्या ओळखून दाखवल्याशिवाय सुटत मात्र नाहीत.

पहिली सवय 'तरी'ची आहे. मराठी अर्ज डोळ्यांसमोर आणा. आधी परिस्थिती, मग कारणे, मग अडचण, आणि सर्वांत शेवटी 'तरी मला चार दिवसांची रजा मिळावी, ही विनंती'. मराठी वाचणारा अधिकारी सरावाने थेट त्या 'तरी'वर नजर टाकतो, कारण मागणी तिथे आहे, हे त्याला ठाऊक असते. इंग्रजी व्यावसायिक पत्रात असा एकच ठरलेला शब्द नाही. तिथे वाचणारा पहिल्या दोन वाक्यांत मागणी शोधतो आणि सापडली नाही तर पत्र माहितीसाठी आहे, असे समजून बाजूला ठेवतो. मी फळ्यावर एक मराठी अर्ज लिहितो, 'तरी'भोवती वर्तुळ काढतो आणि मुलांना सांगतो की इंग्रजीत हे वर्तुळ उचलून वर न्यायचे आहे. नियम म्हणून जे महिनाभर सांगून कळत नाही, ते या वर्तुळाने एका तासात कळते. नकार कळवायचा असेल किंवा वाईट बातमी असेल तर क्रम पुन्हा बदलतो आणि कारण आधी येते, पण ते नंतर शिकवावे.

दुसरी सवय विध्यर्थाची आहे. 'पाठवावा', 'मिळावी', 'कळवावे' या रूपांत आपला आदर आणि आपली मागणी एकाच क्रियापदात बसलेली असते. इंग्रजी क्रियापदाला असे रूप नाही. म्हणून मुले एक तर 'सेंड द बिल' असे उघडे आज्ञार्थी वाक्य लिहितात, किंवा राहून गेलेला आदर भरून काढण्यासाठी 'काइंडली', 'हम्बली', 'प्लीज' हे तिन्ही एकाच वाक्यात घालतात. 'युवर गुडसेल्फ' हा प्रयोगही मला याच गरजेतून टिकलेला दिसतो. आपल्याकडे तू, तुम्ही आणि आपण अशा तीन पायऱ्या आहेत, इंग्रजीत एकच 'यू' आहे, आणि मोठ्या माणसाला नुसते 'यू' लिहिताना आपल्या मुलांचा हात अडखळतो. त्याला हसू नये. इंग्रजीत तो आदर 'कुड यू', 'वुड यू' आणि 'आय वुड बी ग्रेटफुल इफ' या रचनांत राहतो, हे शांतपणे दाखवावे आणि 'पाठव', 'पाठवा', 'पाठवावे', 'पाठवल्यास आभारी राहीन' या चार मराठी वाक्यांसमोर चार इंग्रजी वाक्ये मुलांकडूनच लिहून घ्यावीत.

तिसरी सवय 'कळविण्यात येते की' ही आहे. सरकारी मराठीत कर्ता लपवण्याची रीत आहे. तिचे भाषांतर होऊन 'धिस इज टु इन्फॉर्म यू दॅट' जन्माला येते. ते काढले तर वाक्याचे काहीच बिघडत नाही, हे मुलांना खोडून दाखवावे.

आता वर्गातील कृती. ताई, आपल्याकडे दोन तुकड्या असतील तर एका तुकडीची पत्रे दुसऱ्या तुकडीला उत्तरासाठी द्या. अट एकच ठेवा की उत्तर देणाऱ्याने पत्र लिहिणाऱ्याशी तोंडी बोलायचे नाही. हातात आहे तेवढ्याच कागदावरून निर्णय घ्यायचा आणि लेखी कळवायचा. मी सहा वर्षे हे करतो. शिक्षकाने लाल शाईने 'तपशील अपुरा' असे लिहिले तर मुलगा वही मिटतो, पण समोरच्या तुकडीतील मुलाने 'आपले बिल कोणते, हे न कळल्यामुळे काही करता येत नाही' असे उत्तर पाठवले की तोच मुलगा स्वतःहून पत्र पुन्हा लिहितो. तपासतानाही मी आधी एवढेच पाहतो की या पत्रावरून वाचणाऱ्याला काम करता आले असते का. व्याकरण त्यानंतर, आणि त्यातही अर्थ बदलणाऱ्या चुका आधी. 'द' आणि 'अ' यांचा फरक मराठीत नसल्यामुळे मुलांना तो क्षुल्लक वाटतो, पण 'प्लीज सेंड अ बिल' आणि 'प्लीज सेंड द बिल' यांत हिशेबाचा फरक पडू शकतो: पहिल्यात कुठलेही एक बिल चालेल, दुसऱ्यात दोघांनाही माहीत असलेले ठरावीक बिल हवे आहे.

नमुने बंद करू नयेत, असे मला वाटते, पण ते वापरण्याची रीत बदलावी. जॉन स्वेल्स या अभ्यासकाने एखाद्या लेखनप्रकारातील मजकूर 'मूव्ह्ज', म्हणजे वाचणाऱ्यावर काही परिणाम घडवणाऱ्या टप्प्यांत पाहण्याची पद्धत रूढ केली. ती मुळात शोधनिबंधांसाठी होती, पण पत्रांनाही छान लागू पडते. नमुनापत्राची वाक्ये कात्रीने कापून पट्ट्या करा, त्या मिसळून द्या, आणि प्रत्येक पट्टीमागे मुलांना मराठीत लिहायला सांगा की हे वाक्य काय काम करते: ओळख पटवते, घडलेले सांगते, पुरावा देते, मागणी करते की मुदत घालते. ज्या पट्टीमागे काहीच लिहिता येत नाही, ती टाकून द्यायची.

परीक्षेची काळजी नसावी. सगळ्या ओळी डाव्या समासापासून सुरू होणारी, म्हणजे 'फुल ब्लॉक' मांडणी एका तासात पक्की करून घ्या आणि पुन्हा तिच्याकडे वळू नका.


धागादोरा (इचलकरंजी)

मी यंत्रमाग कारखान्याचे हिशेब पाहतो आणि गेल्या काही वर्षांत अशी बरीच मुले माझ्या हाताखाली तयार झाली आहेत. शब्दसेतू सरांचे बहुतेक म्हणणे पटले, पण मागणी नेहमी वर न्यावी, हे मला वसुलीच्या पत्राबाबत सरसकट मान्य नाही.

आमच्या धंद्यात सर्वांत जास्त लिहिले जाणारे पत्र म्हणजे थकलेल्या उधारीचे. पार्टी जुनी असते, पुढच्या हंगामात पुन्हा तिलाच माल द्यायचा असतो. पहिल्याच पत्रात पहिल्याच ओळीत 'पैसे द्या' असे म्हटले तर पैसेही येत नाहीत आणि पार्टीही तुटते. म्हणून मी मुलांकडून एकाच थकबाकीवर तीन पत्रे लिहून घेतो. पहिले पत्र असे की जणू समोरच्याच्या नजरेतून बिल निसटले असावे. सोबत बिलाची प्रत आणि खात्याचा उतारा. दुसऱ्यात तारखा स्पष्ट, अडचण असेल तर सांगा, हप्ते ठरवू, असा मोकळा दरवाजा. तिसऱ्यात मुदत आणि मुदतीनंतर आम्ही काय करू, ते. तिन्ही पत्रांत रक्कम, बिल क्रमांक आणि दिनांक अक्षरशः तेच असतात. बदलते ते फक्त क्रियापदाचे वजन, आणि इंग्रजीतील 'मे', 'शुड', 'मस्ट', 'विल' यांचा फरक मुलांना या तीन पत्रांत जितका कळतो, तितका व्याकरणाच्या तक्त्यात कळलेला मी पाहिला नाही.

तिसऱ्या पत्रात कायद्याचा उल्लेख कसा करावा, हेही शिकवावे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ याच्या कलम १५ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करारात ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ती मुदत ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाल्यास कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. हे वाक्य शांत इंग्रजीत, धमकी न देता लिहिता येणे ही मोठी विद्या आहे. माझ्याकडच्या एका मुलाने ते तापलेल्या शब्दांत लिहिले होते आणि दोन उद्गारचिन्हे घातली होती. मी ती चिन्हे काढायला लावली, बाकी एक शब्द बदलला नाही, आणि पत्र एकदम भारदस्त झाले. कायद्याचे कलम असलेल्या वाक्याला वेगळा आवाज चढवावा लागत नाही, हे त्याला त्या दिवशी उमगले.


निर्यातकक्ष (पुणे)

थोडे परदेशी पत्रव्यवहाराबद्दल. आम्ही यंत्रांचे सुटे भाग अमेरिकेला पाठवतो. तारीख कधीही नुसत्या आकड्यांत लिहू देऊ नये. '०४/०५' हा आपल्याकडे ४ मे आहे आणि तिकडे ५ एप्रिल. आमची एक खेप याच कारणाने एक महिना आधी मागितली आहे, असे समजून दोन्ही बाजूंनी फार मनस्ताप झाला. महिना अक्षरांत लिहावा, म्हणजे वाद उरत नाही.

'डू द नीडफुल' आणि 'प्लीज रिव्हर्ट' ही वाक्ये आपल्या देशात सर्वांना कळतात, त्यामुळे देशातल्या पत्रव्यवहारात ती चूक आहे, असे मी म्हणणार नाही. परंतु अमेरिकन ग्राहकाला 'रिव्हर्ट' म्हणजे पूर्वस्थितीला जाणे असे वाटते, आणि आराखडा 'रिव्हर्ट' करा म्हटल्यावर त्याने खरेच जुना आराखडा लागू केला तर दोष त्याला देता येत नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे 'डिअर सर' हे सवयीने लिहू नये. आमच्या ग्राहक कंपनीच्या खरेदीप्रमुख बाई आहेत आणि वर्षभर त्यांना 'सर' म्हणून पत्रे जात होती. नाव माहीत असेल तर नाव लिहावे, नसेल तर विभागाचे नाव लिहावे. अमेरिकेत औपचारिक पत्राच्या मायन्यानंतर स्वल्पविरामाऐवजी अपूर्णविराम देतात, तेही सांगून ठेवावे. पण त्यावरून कुणी पत्र परत करत नाही.


सांजवर्ग (सांगली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण आधी करून पाहायचे आणि मग लिहायचे, असे ठरवले होते.

त्या विद्यार्थिनीची परवानगी घेऊन तिचेच पत्र मी वर्गात वाटले आणि १२ जणांना स्वतंत्र कागदावर मराठीत लिहायला सांगितले की या पत्रातील 'नीडफुल' म्हणजे काय. पाच वेगवेगळी उत्तरे आली. चौघांनी माल बदलून द्यावा असे लिहिले, तिघांनी पैसे परत करावेत असे, दोघांनी पुढच्या बिलातून रक्कम वळती करावी असे, दोघांनी माणूस पाठवून पाहणी करावी असे, आणि एकाने वाहतूकदाराकडून भरपाई मिळवून द्यावी असे. कागद फळ्यावर चिकटवल्यावर वर्ग बराच वेळ गप्प होता. मग ती मुलगी म्हणाली, "बाई, मालकांना काय हवं होतं, ते मी त्यांना विचारलंच नव्हतं." आठ वर्षांत हे माझ्या लक्षात आले नव्हते. मी तिला इंग्रजी शिकवत होते आणि तिची अडचण लिहायला बसण्याच्याही आधीची होती. आता प्रत्येक पत्राआधी मी मुलांकडून मराठीत एकच वाक्य लिहून घेते: पत्र वाचून झाल्यावर समोरच्याने कोणती गोष्ट करावी?

'तरी'चे वर्तुळही काढले. सर, त्याचा परिणाम आपण लिहिलात तसाच झाला. फक्त काही मुलांनी मागणी इतकी वर नेली की ओळख पटवणारे वाक्यच गळून पडले, त्यामुळे आवकजावक काकांची विषयाची ओळ त्यांना पुन्हा शिकवावी लागली. दोन तुकड्यांचा पत्रव्यवहार चालू आहे. मोबाइलवरून तयार करून आणलेली दोन सफाईदार पत्रे त्यात सापडली. भाषा निर्दोष होती, पण बिल क्रमांकाच्या जागी रिकामी चौकट तशीच राहिली होती, आणि ती समोरच्या तुकडीनेच पकडली.

मुलीचे नवे पत्र तीन वाक्यांचे आहे. पहिल्या वाक्यात बिल क्रमांक, दिनांक आणि ६० पैकी ४ गठ्ठ्यांसाठी 'क्रेडिट नोट' मिळावी, ही मागणी. दुसऱ्यात माल उतरवताना काढलेले फोटो आणि ट्रकचालकाच्या सहीची पोचपावती सोबत जोडल्याचा उल्लेख. तिसऱ्यात पुढची ऑर्डर महिन्याच्या २० तारखेला द्यायची असल्यामुळे त्याआधी उत्तर मिळाल्यास आभारी राहू, असे. 'वुई वुड बी ग्रेटफुल इफ' ही रचना तिने स्वतः निवडली. पत्र सोमवारी जावक झाले.

एक लहान शंका राहिली. पुरवठादाराच्या नावाआधी 'मेसर्स' लिहावे की नाही, यावर वर्गात दोन तट पडले आहेत.


आवकजावक (सातारा)

भागीदारीतील पेढी असेल आणि नावात भागीदारांची आडनावे असतील तर 'मेसर्स' शोभते. नावाच्या शेवटी 'लिमिटेड' असेल तर लिहू नये. बिलावर छापलेले नाव पाहून घ्यायला सांगा, ताई, आणि जीएसटी क्रमांकही तिथूनच उतरवून घ्यावा. तो १५ अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे असतात. आपल्या राज्याचे २७. पुरवठादार परराज्यातला आहे, तेव्हा सुरुवातीला २७ आले तर उतरवताना काहीतरी चुकले आहे, असे समजावे.